‘कवच’ आले तरी इंजिनात माणूस लागेल का?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रेल्वेच्या नोकऱ्यांविषयी या महिन्यात आलेली पत्रे भुसावळ, दौंड, वर्धा, लातूर अशा वेगवेगळ्या गावांतून आली असली, तरी त्यांतली काळजी एकच आहे. गाड्या यंत्रे चालवू लागली, तर गाडी चालवणाऱ्या, सांधे बदलणाऱ्या, फाटक लावणाऱ्या आणि झेंडी दाखवणाऱ्या माणसांचे काय होणार? माझी सगळी नोकरी रेल्वेच्या परिचालन विभागात, म्हणजे गाड्यांच्या प्रत्यक्ष वाहतुकीत, झाली असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. निवडक पत्रांना उत्तरे देत आहे. सारख्या आशयाच्या पत्रांना वेगळे उत्तर दिलेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण करून असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे सहायक इंजिनचालकाच्या, परीक्षेची तयारी करीत आहे. त्याचे मित्र म्हणतात की ‘कवच’ बसल्यावर आणि मेट्रोसारख्या चालकाविना धावणाऱ्या गाड्या आल्यावर दहा-पंधरा वर्षांत चालकच लागणार नाहीत. आमच्या घरातल्या तीन पिढ्या रेल्वेत होत्या. माझे आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मुलाला याच वाटेने जाऊ द्यावे का?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : जाऊ द्यावे, असे माझे मत आहे. मात्र मित्रांचे म्हणणे कुठे चूक आहे आणि कुठे बरोबर आहे, हे दोन्ही आपल्याला माहीत असायला हवे.

प्रथम ‘कवच’विषयी. ही अपघात टाळणारी यंत्रणा आहे; ती गाडी चालवत नाही, चालकाच्या चुकीला आडवी येते. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेले आरएफआयडी टॅग, स्टेशनातल्या सिग्नल-व्यवस्थेशी जोडलेले उपकरण आणि इंजिनातला संगणक यांच्यात रेडिओवरून सतत देवाणघेवाण चालते. पुढचा सिग्नल लाल असूनही चालकाने ब्रेक लावला नाही किंवा वेगमर्यादा ओलांडली, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते आणि फाटक जवळ आले की शिटीही वाजवते. जुलै २०२० मध्ये तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली. दक्षिण मध्य रेल्वेवर सर्वप्रथम जे १,४६५ किलोमीटर मार्ग तिच्याखाली आले, त्यांत मनमाड-मुदखेड-ढोण-गुंतकल आणि परभणी-परळी-बिदर हे मार्ग आहेत. म्हणजे मराठवाड्यातले लोको पायलट काही वर्षांपासून ‘कवच’ असलेल्या मार्गांवर गाड्या चालवीत आहेत आणि तिथल्या इंजिनांत आजही दोन माणसे बसतात.

यंत्राने वेग सांभाळायचा आणि माणसाने समोर बसायचे, ही व्यवस्था जगात नवी नाही. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिच्या गाड्या आपोआप चालतात आणि आपोआप थांबतात. तरीही दरवाजे बंद करून गाडी निघण्याची आज्ञा देणारा कर्मचारी अर्ध्या शतकानंतरही पुढच्या केबिनमध्ये असतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गाडीत कर्मचारीच नसणे. पॅरिसच्या मेट्रोची जुनी पहिली लाइन २०१२ पर्यंत पूर्णपणे चालकविरहित झाली. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० रोजी हा प्रकार भारतात आला. मुंबईची भुयारी मेट्रो ३ त्याच क्षमतेच्या गाड्या घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात तर लोहखनिजाने भरलेल्या अवजड मालगाड्या २०१८ पासून चालकाविना धावत आहेत आणि त्यांच्यावर दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातून नजर ठेवली जाते.

यांतले साम्य लक्षात घ्यावे. मेट्रोचा मार्ग कुंपणात, पुलावर किंवा भुयारात असतो, गाड्या एकाच प्रकारच्या असतात आणि चालकविरहित मार्गांवर फलाटालाही बहुधा दरवाजे असतात. पिलबारात आजूबाजूला वस्तीच विरळ, आणि खाण, रूळ, गाड्या व बंदर हे सारे एकाच मालकाचे. आता आपल्या भुसावळ विभागाकडे पाहा. एकाच रुळावरून राजधानी, मेल, मेमू आणि कोळशाची मालगाडी एकापाठोपाठ जातात, वाटेत गुरे येतात, फाटके येतात, गावोगावची माणसे रूळ ओलांडतात आणि पुढे कसारा-इगतपुरीच्या घाटात मागे बँकर इंजिने लावून गाडी चढवावी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वळणापलीकडे दरड पडली आहे की नाही, हे अजून गस्तीवरचा माणूस पाहतो आणि चालकाची नजर पाहते. असा मार्ग चालकविरहित करायचा तर आधी सबंध मार्ग बंदिस्त करावा लागेल, आणि ते काम पिढ्यांचे आहे.

मित्रांचे बरोबर कुठे आहे, ते आपल्या आजोबांच्या उदाहरणात दिसते. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन असे तिघे असत. डिझेल आले आणि फायरमन ‘डिझेल असिस्टंट’ झाला. कोळशाचे फावडे गेले, खुर्ची राहिली, पण तिघांचे दोघे झाले. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. त्यानंतर विद्युतीकरणाची लाट आली. मार्च २०२२ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वे विजेवर आली आणि डिझेलवर उमेदीची वर्षे घालवलेल्या चालकांनी शेडमध्ये बसून पुन्हा पहिलीपासून सर्किटे पाठ केली. मुंबईच्या लोकलमध्ये पुढे एकटा मोटरमन असतो, हे आपण रोज पाहतो. तेव्हा भविष्यात ज्या जागेवर प्रश्नचिन्ह लागेल, ती लोको पायलटची नसून त्याच्या शेजारच्या सहायकाची आहे. अडचण एवढीच की नोकरीत शिरण्याचा दरवाजा तोच आहे.

आज तरी तो दरवाजा उघडा आहे. २०२४ च्या भरतीत असिस्टंट लोको पायलटच्या आधी ५,६९६ जागा जाहीर झाल्या होत्या, त्या वाढवून १८,७९९ करण्यात आल्या. २०२५ मध्ये आणखी ९,९७० जागांची जाहिरात निघाली. जो मुलगा येत्या काही वर्षांत आत जाईल, तो सहायकाच्या जागा घटू लागण्यापूर्वी मालगाडीचा लोको पायलट झालेला असेल. सहायकाचा वेतनस्तर दुसरा, मूळ वेतन १९,९०० रुपये, आणि लोको पायलटचा सहावा. हे अंतर लवकर कापणे, हेच त्याचे खरे संरक्षण आहे.

शेवटी एक व्यवहारी सूचना. शिकवणीची फी भरण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्या. या पदाला ‘ए-वन’ वैद्यकीय श्रेणी लागते, म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी ६/६ आणि रंगांची ओळख निर्दोष हवी. लेझर शस्त्रक्रिया करून नंबर घालवलेला उमेदवार येथे चालत नाही. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवून वैद्यकीय तपासणीत परत फिरलेली मुले मी इतकी पाहिली आहेत की ही सूचना प्रत्येक पालकाला करावीशी वाटते.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून मालगाडीवर ट्रेन मॅनेजर आहे. शेवटच्या डब्याला एक पेटी लावली की गार्डची गरज उरत नाही, असे लॉबीत, म्हणजे कामावर हजेरी लावण्याच्या खोलीत, सारखे कानावर येते. आमचे पदनाम बदलून ‘मॅनेजर’ केले, पण पदच जाणार असेल तर नावाचे काय करायचे? या वयात मी काय करावे?
— एक ट्रेन मॅनेजर, दौंड

उत्तर : तुम्हाला खोटा धीर देणार नाही. परिचालनातल्या ज्या पदांवर यंत्र थेट चालून येत आहे, त्यांत तुमचे पद अगदी पुढे आहे. ती पेटी म्हणजे ‘एंड ऑफ ट्रेन टेलिमेट्री’. ती शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, अडकवतात आणि ब्रेक पाइपमधला दाब व गाडी अखंड असल्याची खूण ती रेडिओवरून इंजिनात कळवत राहते. ब्रेकव्हॅनमध्ये बसलेला गार्ड हेच काम डोळ्यांनी आणि दाबमापकावर लक्ष ठेवून करतो. ब्रेकव्हॅन गेली की तिच्या जागी मालाची एक वाघीण जोडता येते, हा हिशेबही त्यामागे आहे. मालगाडी गार्डविना चालवण्याची अपवादात्मक सोय आपल्या सामान्य नियमांत फार पूर्वीपासून आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

असे असताना सप्टेंबर २०२४ मध्ये पदवीधरांच्या ‘एनटीपीसी’, म्हणजे रेल्वेच्या बिगर-तांत्रिक पदांच्या, भरतीची जाहिरात निघाली, तेव्हा एकूण ८,११३ जागांपैकी ३,१४४ जागा मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरच्याच होत्या. स्टेशन मास्तरच्या ९९४ होत्या. ज्या पदाची उत्तरक्रिया लॉबीत रोज चालते, त्याच पदाची एवढी भरती का होते? मला कारण असे दिसते की पेटी दाब मोजते, पण चालत जात नाही. आडरानात कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले, तर मागे जाऊन ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन, असे मागून येणाऱ्या गाडीला सावध करणारे फटाके रुळावर लावून येणारा कोणीतरी हवा, मागच्या भागाचे हँडब्रेक बांधणारा हवा. हे काम असिस्टंट लोको पायलटने करावे असे ठरवले, तर पहिल्या उत्तरात म्हटले तशी त्याची जागा उद्या कमी करता येणार नाही. दोन पदांपैकी एकच जाऊ शकते आणि कोणते, हे अजून ठरलेले नाही. माझा अंदाज तुमच्या पदाच्या बाजूने नाही. पण हे एका फटक्यात होणार नाही, मार्गामार्गाने आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागा न भरता होईल.

तुमच्या हातात अठरा-एकोणीस वर्षे आहेत. सर्वांत सरळ वाट म्हणजे प्रवासी गाड्यांकडे होणारी बढती. प्रवासी गाडीत साखळी ओढली जाते, कोणी आजारी पडते, डब्यात धूर दिसतो, त्यामुळे तिथला ट्रेन मॅनेजर निव्वळ ब्रेकचा राखणदार नसतो. दुसरी वाट म्हणजे विभागीय स्पर्धा परीक्षा देऊन स्टेशन मास्तर किंवा ट्रॅफिक इन्स्पेक्टरच्या बाजूला जाणे. मात्र ही दुसरी वाट धरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. रनिंग स्टाफला, म्हणजे धावत्या गाडीवर काम करणाऱ्यांना, मूळ वेतनाच्या ३० टक्के रक्कम काही कारणांसाठी वेतनच समजली जाते आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात ५५ टक्के धरली जाते. रनिंग संवर्ग सोडला की हा लाभही सुटतो. चाळिशीत खुर्चीवरची नोकरी आकर्षक वाटते, पण साठीनंतरच्या दरमहाच्या रकमेत तो फरक फार मोठा दिसतो.

समजा पद रद्द झालेच, तर रेल्वे माणसाला सहसा घरी पाठवत नाही, ‘सरप्लस’ ठरवून दुसऱ्या संवर्गात सामावून घेते. त्यात पगार राहतो, पण ज्येष्ठतेचे भांडण सुरू होते आणि नव्या कामात तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्याच्या हाताखाली उभे राहावे लागते. ते टाळायचे असेल, तर सामावून घेतले जाण्याची वाट न पाहता आपल्या पसंतीच्या संवर्गात स्वतःहून आणि आधी जाणे बरे.

प्रश्न : मी पदवीधर आहे. स्टेशन मास्तरची परीक्षा द्यावी की नागपूर किंवा पुण्याच्या मेट्रोत प्रयत्न करावा, हे ठरत नाही. आता सगळी स्टेशने एका ठिकाणाहून संगणकावर चालणार, असे म्हणतात. मग स्टेशन मास्तरला काय काम उरेल?
— एक विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : काम सरकते आहे, हे खरे. पूर्वी एका मध्यम स्टेशनाच्या दोन टोकांना दोन केबिनी असत, प्रत्येकीत लोखंडी लिव्हर ओढणारे केबिनमन असत, खाली सांधेवाले असत आणि मास्तर प्रायव्हेट नंबरांची, म्हणजे खात्री पटवणाऱ्या गुप्त आकड्यांची, देवघेव करून त्यांच्याकडून मार्ग लावून घेई. बटणांचे पॅनेल आले आणि लिव्हर गेले. सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जखडून ठेवणारे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आले आणि पॅनेलची बटणेही पडद्यावर गेली. आज एकटा मास्तर माउसने जे करतो, त्याला तेव्हा पाच-सहा माणसे लागत. पुढची पायरी म्हणजे अनेक स्टेशनांचे सांधे आणि सिग्नल एकाच केंद्रातून हलवणे. दिल्ली-हावडा मार्गावर टुंडला येथे असे केंद्र चालू आहे.

पण स्टेशन मास्तरचे नेहमीचे काम आणि त्याचे खरे काम यांत फरक आहे. सगळे सुरळीत असते त्या दिवशी त्याच्याऐवजी यंत्र चालेल. बिघाड झाला की काय होते, ते १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमधल्या रांगापानीजवळ दिसले. स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बंद होते, लाल सिग्नल ओलांडण्याचे लेखी अधिकारपत्र, म्हणजे टी/ए ९१२, चालकांना दिले जात होते, आणि अशाच एका मालगाडीने थांबलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. चौकशीत बोट ठेवले गेले ते यंत्रापेक्षा जास्त माणसांच्या तयारीवर: अशा बिघाडात गाड्या कशा चालवायच्या, याचे पुरेसे मार्गदर्शन मास्तरांना आणि चालकांना झालेले नव्हते. सिग्नल वर्षातून क्वचित बिघडू लागले की हाताने गाड्या चालवण्याची सवय मोडते, आणि मग तो क्वचित येणारा दिवस अधिक धोक्याचा होतो. स्वयंचलनाचा हा उलटा परिणाम आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा आलेख मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढत असत. पुढे तो संगणकावर गेला आणि पेन्सिली कपाटात गेल्या. एका रात्री संगणक तासभर बंद पडला, तेव्हा कपाटातून कागद काढून आलेख पुढे नेता येणारा माणूस त्या पाळीत एकच होता आणि तो महिन्याभरात निवृत्त होणार होता.

आता तुमच्या निवडीविषयी. मेट्रोत स्टेशन कंट्रोलर आणि ट्रेन ऑपरेटर ही पदे चांगली आहेत, काम स्वच्छ आहे, शहर सोडावे लागत नाही आणि आडगावी बदली होत नाही. पण प्रत्येक मेट्रो हे स्वतंत्र, छोटे घर आहे. दोन-तीन मार्गांच्या संस्थेत बढतीच्या पायऱ्या मोजक्याच असतात, शिवाय बरीचशी पदे कंत्राटी असतात. जाहिरातीत ‘नियमित’ आणि ‘कंत्राटी’ हे शब्द शोधून मगच अर्ज करावा. गाडी चालवण्याचे कामही तिथेच सर्वांत आधी यंत्राकडे जाणार आहे, याची कारणे पहिल्या उत्तरात आली आहेत.

मी तुमच्या जागी असतो, तर स्टेशन मास्तर झालो असतो. वेतनस्तर सहावा आहे, मूळ वेतन ३५,४०० रुपये. नजर चष्म्याशिवाय ६/९ चालते, आणि संगणकावरची अभिक्षमता चाचणी मात्र वेगळी द्यावी लागते. तिच्यात गुणांची सरासरी कामी येत नाही, प्रत्येक भागात उत्तीर्ण व्हावे लागते. पहिली काही वर्षे वर्धा-बल्लारशा मार्गावरच्या एखाद्या छोट्या स्टेशनात रात्रपाळी करावी लागेल, जवळ हॉटेलही नसेल. पण त्या खुर्चीतून पुढे सेक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे एका टापूतल्या सगळ्या गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्याच्या, खुर्चीकडे वाट जाते, आणि स्टेशनांतून निघून काम जिथे गोळा होत आहे, ती जागा हीच. २०२५ मध्ये रेल्वेने सेक्शन कंट्रोलरच्या ३६८ जागांसाठी थेट भरतीचीही जाहिरात काढली. पदवीधरांना तिचा अर्ज करता येतो, तरीही मी आधी स्टेशन पाहिलेल्या कंट्रोलरला अधिक मानतो. ज्याने पावसात सांध्याला हँडल लावून तो स्वतः फिरवलेला नाही, त्याला फोनवरून ‘पाच मिनिटांत करा’ म्हणणे फार सोपे जाते.

प्रश्न : माझे वडील रेल्वेचे गेटमन आहेत. त्यांच्या फाटकावर उड्डाणपूल होत आहे. पूल झाल्यावर त्यांची नोकरी जाईल का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नोकरी जाणार नाही, फाटक जाईल. वडिलांना बहुधा ट्रॅकमेंटेनरचे, म्हणजे रुळांच्या देखभालीचे, किंवा दुसऱ्या फाटकावरचे काम दिले जाईल. आताच आपल्या विभागातल्या सीनियर सेक्शन इंजिनिअरच्या कार्यालयात जवळच्या रिक्त जागांची चौकशी करून लेखी पसंती द्यावी. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली आणि आता माणूस असलेल्या सुमारे सतरा हजार फाटकांच्या जागी टप्प्याटप्प्याने पूल आणि भुयारी रस्ते होत आहेत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकावर शाळेची व्हॅन गाडीखाली सापडली, तेव्हापासून उरलेल्या फाटकांना सिग्नलशी जोडण्याची घाईही वाढली आहे. गेटमनचे काम ही घरातल्या पुढच्या पिढीने मागावी अशी नोकरी आता उरलेली नाही, हे तुमच्यापुरते ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा केला आहे. मित्र असिस्टंट लोको पायलटसाठी अर्ज करीत आहेत. मला चष्मा असल्याने ते शक्य नाही. रेल्वेत माझ्यासाठी काही आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमचा चष्मा तुमच्या पथ्यावर पडला, असे मी म्हणेन. या सदरात आलेल्या सर्व पत्रांत भविष्य सर्वांत मोकळे कोणाचे असेल, तर ते तुमचे आहे. ‘कवच’ असो, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग असो, स्वयंचलित ब्लॉक सिग्नल असो की मुंबई उपनगरी मार्गांसाठी मंजूर झालेली सीबीटीसी, म्हणजे रेडिओ-संपर्कावर चालणारी गाडी-नियंत्रण यंत्रणा, असो, परिचालनातून कमी होणारा प्रत्येक माणूस सिग्नल आणि दूरसंचार खात्यात कुठेतरी अर्ध्या माणसाचे काम वाढवून जातो. दुर्दैवाने अर्धा माणूस भरती होत नाही, आणि जुन्याच माणसांवर तो भार पडतो, ही त्या खात्याची जुनी तक्रार आहे.

या खात्यात शिरण्याच्या दोन वाटा आहेत. डिप्लोमावर ज्युनिअर इंजिनिअर हे सहाव्या वेतनस्तराचे पद मिळू शकते, आणि टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नल हे पाचव्या स्तराचे. दोन्ही अर्ज भरा. वैद्यकीय श्रेणी पदानुसार बदलते आणि चष्मा काही श्रेणींत चालतो, काहींत नाही. त्यामुळे जाहिरातीच्या परिशिष्टात आपल्या पदासमोर कोणती श्रेणी लिहिली आहे, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच शुल्क भरा. निवड झाल्यावर सिकंदराबादच्या ‘इरिसेट’ या रेल्वेच्या सिग्नल-दूरसंचार संस्थेत प्रशिक्षण होते. १९५७ पासून सिग्नलची विद्या देशभर तिथूनच गेली आहे.

एक गोष्ट मात्र समजून या खात्यात या. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहनगा बाजार स्टेशनाजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि गाडी मात्र लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या असलेल्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसे दगावली. चालकाची चूक नव्हती, तो हिरव्या सिग्नलवर गेला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या फेरबदलांत आणि फाटकाच्या कामाच्या वेळी झालेल्या वायरच्या जोडणीत. पूर्वी लाल सिग्नल चुकवणारा ड्रायव्हर चौकशीत पहिला उभा राहत असे. आता रिले-रूममध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलेला तंत्रज्ञ उभा राहतो. म्हणून डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे यंत्रणा कामासाठी बंद ठेवण्याची लेखी सूचना, स्टेशन मास्तरने सही करून परत दिल्याशिवाय एकही तार सोडायची नाही, गाडी कितीही खोळंबली आणि फोनवरून कोणीही कितीही ओरडले तरी नाही. ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते.

प्रश्न : आमच्या शहरात एका क्लासने ‘कवच ऑपरेटर प्रमाणपत्र’ असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. फी पंचेचाळीस हजार आहे. त्याने रेल्वेत प्राधान्य मिळेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : मिळणार नाही. ‘कवच ऑपरेटर’ असे कोणतेही पद रेल्वेत नाही. ‘कवच’ हाताळतो तो लोको पायलट आणि दुरुस्त करतो तो सिग्नल खात्याचा माणूस, आणि दोघांनाही त्याचे शिक्षण नोकरी लागल्यावर रेल्वेच देते. भरती रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतूनच होते आणि तिच्या जाहिरातीत अशा खासगी प्रमाणपत्राला गुण नाहीत. फीचा पहिला हप्ता भरला असल्यास पावती सांभाळून ठेवा आणि परताव्याची मागणी लेखी करा.